टाकीत शेवटचं कधी डोकावलात? पिण्याचं पाणी स्वच्छ ठेवायची सगळी पद्धत, गच्चीपासून माठापर्यंत

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये आमच्या धाकटीला कावीळ झाली. आधी दोन दिवस ताप, मग ताट समोर आलं तरी मळमळ, आणि तिसऱ्या दिवशी तिला आंघोळ घालताना माझं लक्ष डोळ्यांकडे गेलं तर बुबुळाभोवतीचं पांढरं पार हळदीसारखं पिवळं झालेलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, पाणी कुठलं पिता?" मी म्हटलं नळाचंच, पण घरात फिल्टर आहे. ते म्हणाले, "आणि दात घासायला, कोथिंबीर धुवायला कुठलं घेता?" ते सगळं गच्चीवरच्या टाकीतलं. आणि त्या टाकीत काय आहे ते मला माहीत नव्हतं, कारण घर बांधल्यापासून आठ वर्षांत मी आत एकदाही डोकावले नव्हते.

संध्याकाळी टॉर्च घेऊन वर गेले. झाकणाला वीतभर चीर गेलेली, आत एक मेलेली पाल, तळाला बोट बुडेल एवढा चॉकलेटी गाळ, आणि पाण्याची पातळी जिथपर्यंत येते तिथे आतून गोल फिरलेला एक बुळबुळीत पट्टा. बोट फिरवलं तर शेंबडासारखा ओघळला. वाचून किळस येईल पण हे लिहिलंच पाहिजे, कारण हेच पाणी आम्ही चूळ भरायला घेत होतो आणि खाली घरात फरशी मात्र रोज फिनाइलने पुसत होते मी.

त्या टाकीमुळेच कावीळ झाली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. 'ए' प्रकारची कावीळ, जी दूषित अन्नपाण्यातून होते, ती पोटात गेल्यावर दिसायला दोन ते सात आठवडे लागतात, त्यामुळे महिन्याभरापूर्वी पोरीने कुठे काय प्यायलं हे कोण सांगणार. पण त्या दिवसापासून मी हा विषय धरून बसलेय. आरोग्य केंद्रातल्या ताईंना विचारलं, आमच्याकडे पाणी सोडणाऱ्या काकांच्या मागे फिरून व्हॉल्व्ह बघितले, चार-पाच घरांच्या टाक्या स्वतः धुवून घेतल्या. त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितेय. लांबलचक आहे, पण करायला बसलात की प्रत्येक गोष्ट लागणारच आहे.

आधी स्वच्छ म्हणजे काय ते

आपल्या डोक्यात स्वच्छता म्हणजे चकचकीत, वास नसलेलं, डाग नसलेलं. पाण्याला हे लागूच होत नाही. ग्लासात काचेसारखं नितळ दिसणाऱ्या पाण्यात काविळीचे विषाणू असू शकतात आणि पहिल्या पावसात गढूळ आलेलं पाणी नीट क्लोरीन बसलं तर आजारी पाडणार नाही असंही होऊ शकतं. मी स्वतःपुरती व्याख्या केलीय, की कुणाची विष्ठा कुणाच्या तोंडापर्यंत पोचू नये यासाठी जे जे करायचं ते सगळं स्वच्छता. पटकी म्हणजे कॉलरा, टायफॉइड, हगवण, ए आणि ई प्रकारची कावीळ, पोलिओसुद्धा, सगळ्यांचा रस्ता हाच.

आणि दुसरी गल्लत म्हणजे पवित्र आणि स्वच्छ एकच समजणं. 20 मार्च 1927 ला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि तळ्यातलं पाणी प्यायले. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती त्याला कुणाची हरकत नव्हती, पण माणसं प्यायली म्हणून तळं बाटलं असं ठरवलं गेलं आणि मग त्याच्या शुद्धीसाठी 108 घागरी पाणी काढून तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतल्या. म्हणजे पिण्याच्या पाण्यात शेण घातलं आणि त्याला शुद्धी म्हटलं! मला हे आठवलं की अजून संताप येतो. शंभर वर्षं होत आली, पण विटाळ मानायचा आणि टाकीचं झाकण मात्र उघडं ठेवायचं अशी घरं मी आजही बघते. सोवळ्यातल्या पाण्यालाही अस्वच्छ हात लागला तर जंतू जातातच, जंतूला जात कळत नाही.

घाण आत शिरते कुठून

हे कळल्याशिवाय नुसती टाकी धुवून उपयोग नाही.

आपल्याकडे बहुतेक गावांत पाणी दिवसाआड नाहीतर चार दिवसांनी, तासभर येतं. बाकीचा वेळ जमिनीतली पाइपलाइन रिकामी. रिकाम्या लाइनला कुठे जॉइंट सुटलेला असेल, गंजून भोक पडलं असेल आणि बाजूनेच गटार वाहत असेल (असतंच), तर गटाराचं पाणी झिरपून आत येतं, आणि पाणी सुटलं की ते सगळ्यात आधी आपल्या नळाला. म्हणून पाणी आल्यावर पहिली पाच-सात मिनिटं जाऊ द्यायची, रंग नितळ झाला आणि वास नाही याची खात्री झाली की मग भरायचं. ते पहिलं पाणी बादलीत धरून संडासात, गाडी धुवायला वापरा, वाया जात नाही.

आणि कृपा करून नळाला डायरेक्ट मोटर लावू नका. मला माहितेय की प्रेशर नसतं, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, शेजारी लावतो म्हणून आपणही लावतो. पण मोटर लाइनमधून पाणी ओढते तेव्हा लाइनच्या प्रत्येक फटीतून बाहेरचं आत खेचलं जातं, तुमच्या एका मोटरने सगळ्या गल्लीचं पाणी खराब होऊ शकतं. आधी खालच्या टाकीत पडू द्या, मग मोटरने वर चढवा.

हा नुसता खेड्यांचा प्रश्न आहे असंही नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची केवढी मोठी साथ आली होती, हजारो लोक आजारी. ती ई प्रकारची, जी गरोदर बायकांना फार धोक्याची असते. आणि 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, पेशंट वाढले, हातापायातली ताकद जाऊन माणसं व्हेंटिलेटरवर गेली, तेव्हा काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले, दोन्ही दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारे. पुण्यासारखं शहर, तरी ही वेळ.

गच्चीवरची टाकी धुणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

दिवस निवडताना पाणी येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी धुवायला घ्या. दोन दिवस आधीपासून मोटर लावू नका म्हणजे आहे ते पाणी वापरून संपेल आणि तळाला वीतभरच उरेल. घरात पिण्याचं आणि संडासाचं पाणी वेगळं भरून ठेवा, ही चूक मी पहिल्या वेळी केली आणि दुपारपर्यंत घरात थेंब नव्हता.

सामान काय काय? लांब दांड्याचा प्लॅस्टिकचा ब्रश, नारळाचा काथ्या, दोन जाडे स्पंज, मग, सुपली, दोन बादल्या, जुन्या सुती साडीचे तुकडे, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि ब्लिचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतीत सगळे टीसीएल म्हणतात. तारेचा ब्रश घेऊ नका, प्लॅस्टिकच्या टाकीला ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी मळ त्याच ओरखड्यात घर करतो. फिनाइल, कपड्याची पावडर, फरशीचं अ‍ॅसिड यातलं काहीही टाकीत नको. विशेषतः अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, छाती भरून येते, जिवावर बेतू शकतं. संडास धुवायचं लिक्विडसुद्धा अ‍ॅसिडच असतं हे लक्षात ठेवा.

सुरुवात मोटरचा मेन स्विच बंद करून. नुसतं बटण बंद करून चालत नाही, घरातलं कुणीतरी सवयीने लावतंच, स्विचवर चिकटपट्टी मारा. मग टाकीत पाणी येणारा व्हॉल्व्ह बंद करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टाकीतून घरात जाणारा व्हॉल्व्ह बंद करा. हा विसरलात की धुतलेला गाळ खाली उतरून गीझरमध्ये, फिल्टरमध्ये, किचनच्या नळाच्या जाळीत जाऊन बसतो.

टाकीच्या बुडाशी गाळ काढायचा वेगळा नळ असतो, प्लंबर त्याला वॉशआउट म्हणतात. वर्षानुवर्षं न फिरवल्याने तो बहुतेक ठिकाणी आवळलेला असतो, जोर लावून मोडू नका, खोबरेल तेल सोडून अर्धा तास थांबा. नळच नसेल तर मगाने उपसायचं. पाणी झाडांना घाला.

गाळ निघेपर्यंत वरून पाणी मारायचं नाही. पाणी मारलं की गाळ उसळतो आणि काम दुप्पट होतं. सुपलीने गाळ ओढून बादलीत घ्या, उरलेला स्पंजने टिपून घ्या. आमच्या टाकीतून पहिल्यांदा दीड बादली गाळ निघाला, 1000 लिटरची टाकी.

आता घासणं. वरून खाली यायचं, झाकणाची आतली बाजू आणि गळा आधी, तिथेच कोळ्याची जाळी आणि पालीची अंडी असतात. मग तो बुळबुळीत पट्टा. याच्यावर वेळ घालवा. तो नुसता मळ नसतो, जंतू स्वतःभोवती चिकट थर करून त्यात राहतात आणि त्या थराच्या आत क्लोरीन नीट पोचत नाही, म्हणून टाकीत औषध टाकत राहिलात आणि घासलं नाही तर फारसं काही होत नाही. काथ्याने रगडायचं, बोट फिरवून बघायचं, कर्र असा आवाज आला पाहिजे, सरकलं तर परत रगडायचं. शिवाय पाण्याच्या रेषेच्या जरा वरती डेंग्यूच्या डासाची अंडी चिकटलेली असतात, बारीक काळ्या ठिपक्यांसारखी. ती कोरडी राहिली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. नुसतं पाणी ओतून देणारे इथेच फसतात.

दोनदा धुवून घ्या, दोन्ही वेळा पाणी वॉशआउटने किंवा स्पंजने बाहेर, घराच्या लाइनने नाही.

मग निर्जंतुक करणं. 10 लिटरच्या बादलीत दोन सपाट चहाचे चमचे ताजी टीसीएल. थेट बादलीत टाकली की गुठळ्या होतात, आधी वाटीत थोड्या पाण्यात कालवून घ्या, मग बादलीत घाला, ढवळा, पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. खाली पांढरा चुना बसतो, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या. तिच्यात साडीचा तुकडा बुडवून लांब दांड्याला गुंडाळायचा आणि आतल्या सगळ्या भिंती, तळ, झाकण ओलं करून घ्यायचं. डोकं आत घालायचं नाही, बाहेरूनच. अर्धा तास ओलं राहू द्यायचं, वाळायला लागलं तर परत एक हात. आणि मग साध्या पाण्याने धुवून तेही बाहेर काढायचं.

टाकी भरली की घरातले नळ एकेक करून उघडा, सगळ्यात लांबचा आधी, क्लोरीनचा हलका वास येईपर्यंत वाहू द्या. फिल्टरचा नळ या वेळात बंद पाहिजे.

शेवटी झाकण, जाळी. यात कंजूषपणा केला तर सगळी मेहनत पाण्यात. चिरलेलं झाकण चिकटपट्टीने जोडू नका, नवीन आणा, आटे बसले पाहिजेत. ओव्हरफ्लोच्या पाइपच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी तारेने आवळून बांधा, पाल आणि डास दोघांचा रस्ता बंद. टाकीतून उजेड आत येत असेल, म्हणजे आत डोकावलं की भिंती उजळलेल्या दिसत असतील, तर शेवाळ होणारच, वर पत्र्याची किंवा शेडनेटची सावली करा.

जमिनीखालची टाकी, हे वाचल्याशिवाय कुणाला आत उतरवू नका

बंद टाकीत हवा कोंडलेली असते, प्राणवायू कमी झालेला असतो आणि तो कमी आहे हे नाकाला कळत नाही. माणूस उतरतो, दोन मिनिटांत चक्कर येऊन पडतो, त्याला काढायला दुसरा उडी मारतो, तोही पडतो. अशा बातम्या दर वर्षी येतात, पहिला बहुतेक वेळा मजूर असतो आणि दुसरा त्याचा भाऊ किंवा मुलगा.

म्हणून सगळी झाकणं निदान काही तास उघडी ठेवा, टेबल फॅन किंवा ब्लोअर लावून हवा आत सोडा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोन माणसं, सतत बोलत राहायचं. उत्तर आलं नाही की दोराने ओढायचं, कुणीही आत उडी मारायची नाही. वर लाइट-मोटरचा मेन बंद, कारण ओल्या टाकीत सबमर्सिबलचा करंट उतरला की सुटका नाही. डिझेल-पेट्रोलवर चालणारा पंप टाकीत किंवा तोंडाजवळ ठेवू नका, त्याचा धूर आत साचतो. माणूस आत असताना ब्लिचिंग वापरायचं नाही, ते वर आल्यावर वरून.

मोठ्या सोसायटीची टाकी असेल तर हे काम यंत्र असलेल्या लोकांकडूनच करून घ्या, पाच-सात हजार वाचवायला कुणाचा जीव टांगणीला लावू नका. आणि सेप्टिक टँक हा तर वेगळाच विषय, त्यात सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

खालच्या टाकीत अजून दोन गोष्टी बघा. तिचं तोंड जमिनीच्या पातळीला असेल तर पहिल्या जोराच्या पावसात अंगणातलं पाणी सरळ आत जातं, कट्टा किमान फूटभर वर घ्या. आणि रिकामी असताना भिंतीला कुठे ओल झिरपताना दिसली तर आधी संडासाची लाइन कुठून गेलीय ते तपासा, गिलावा नंतर.

क्लोरीन किती, कसं ओळखायचं

नगरपालिकेचं क्लोरीन घातलेलं पाणी असेल तर घरात रोज टाकायची गरज नाही. विहीर, बोअर, टँकर यांचं असेल तर 1000 लिटरला 3 ते 5 ग्रॅम ताजी टीसीएल, वर सांगितलं तशी निवळी करून टाकीत घालायची आणि अर्धा तास हात लावायचा नाही. अंदाजाने ओंजळभर टाकतात ते करू नका.

ताजी हा शब्द मी परत परत का म्हणतेय? चांगल्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतं, पण पिशवीचं तोंड उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की ते उडून जातं आणि हातात नुसता चुना उरतो. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, अंधारात, थंड जागी ठेवा. उघडल्यावर नाकाला झोंबलं नाही तर टाकून द्या.

नळाला क्लोरीन पोचतंय की नाही हे बघायला ओटी टेस्ट असते. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे, रंग जितका गडद तितकं जास्त. प्रमाण लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम पाहिजे असं भारतीय मानक सांगतं. गावात हे काम जलसुरक्षकाचं असतं, त्यांना सांगून आपल्या घरी, म्हणजे लाइनच्या शेवटच्या टोकाला, टेस्ट करून घ्या. टाकीजवळच्या नळाला पिवळं येतं आणि शेवटच्या गल्लीत पांढरंच राहतं, हे मी डोळ्याने बघितलंय. जलजीवन मिशनमध्ये गावागावात पाच-पाच बायकांना टेस्ट किट वापरायला शिकवतात, त्या कोण आहेत ते ग्रामपंचायतीत विचारा. जंतू आहेत का हे बघायला एचटूएसची बाटली असते, पाणी भरून एक-दोन दिवस ठेवलं आणि काळं पडलं तर ते पाणी प्यायचं नाही. ग्रामपंचायतींना पाण्याच्या सर्वेक्षणानंतर लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं, आपल्या गावाचं कुठलं आहे हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

टाकी झाली, आता हंडा आणि माठ

इथे मला सासूबाईंचं म्हणणं सांगायचंय. त्यांच्या काळी घडवंचीवर हंडे, वर झाकण, आणि त्यात पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं. कुणी पेला बुडवला तर त्या सगळं पाणी ओतून द्यायच्या, आम्हाला तेव्हा तो हट्ट वाटायचा. आता मला पटतं. वरून कितीही शुद्ध पाणी आणा, नखात घाण असलेल्या बोटांनी पेला बुडवला की संपलं. नळाचा माठ घ्या नाहीतर ओगराळं ठेवा, आणि ते ओगराळं खिळ्याला टांगा, ओट्यावर पालथं घालू नका. माठ आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून काथ्याने घासून उन्हात वाळवायचा. साबण लावायचा नाही, माती तो शोषून घेते.

पाणी गढूळ असेल तर तुरटीचा खडा हंड्यात चार-पाच वेळा फिरवून रात्रभर निवळू द्या, पण तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. त्यानंतर उकळणं किंवा क्लोरीन लागतंच. उकळताना खळखळ उकळी फुटल्यावर अजून एक-दोन मिनिटं ठेवा आणि त्याच भांड्यात झाकून गार करा, दुसऱ्या भांड्यात ओतलं की परत तोच प्रश्न. मेडिक्लोरची, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाची, बाटली आशाताईंकडे मिळते, थेंब किती ते लेबलवर बघूनच.

आणि हे मला फार आवडलेलं. बांगलादेशात 65 गावांत एक अभ्यास झाला, 2003 मध्ये छापून आला, त्यात बायकांना जुनी सुती साडी चार पदरी करून त्यातून पाणी गाळायला सांगितलं, आणि पटकीच्या केसेस जवळपास निम्म्याने कमी झाल्या. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. जुनीच साडी, कारण धुवून धुवून तिचे धागे फुगून जाळी बारीक होते. नुसत्या गाळण्यावर भागवू नका, विषाणू त्यातून आरपार जातात, पण काहीच हाताशी नसेल, पूर आलाय, लाइट नाही, गॅस नाही, तेव्हा हे तरी करा. कापड नंतर धुवून कडक उन्हात.

फिल्टरवाल्यांबद्दल एकच. माणूस घरी येऊन टीडीएसचं मीटर बुडवतो, आकडा दाखवतो आणि घाबरवतो. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, त्यातून जंतू कळत नाहीत. आकडा 500 च्या आत असेल तर आरओची गरज सहसा नसते, यूव्हीवाला पुरतो. मशीन कुठलंही असो, त्याची आतली टाकी आणि नळाची तोटी महिन्यातून एकदा धुवा, तिथेही तोच बुळबुळीत थर होतो.

कोरडा दिवस

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो, म्हणजे गटारापेक्षा आपल्याच पिंपात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा एक वार ठरवायचा आणि त्या दिवशी सगळी भांडी रिकामी, घासून, पालथी, तासभर उन्हात. आमच्याकडे रविवार. पिंप, बॅरल, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे (हा हमखास राहतो), गच्चीवरचं टायर, करवंट्या. हौद रिकामा करता येत नसेल तर गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात मिळतात. संडासाच्या गॅस पाइपच्या तोंडाला जाळी बांधा.

हात

साबणाने, वीस सेकंद, नखांखाली आणि अंगठ्याभोवती. संडासातून आल्यावर, बाळाचं धुतल्यावर, कणीक मळायच्या आधी. बेसिनजवळ सगळ्यांसाठी एकच ओला टॉवेल टांगलेला असेल तर तो आजच काढा, कोरडा सुती पंचा ठेवा आणि रोज बदला.

कधी कधी करायचं

टाकी वर्षातून दोनदा, मे अखेरीस पाऊस यायच्या आधी आणि दिवाळीच्या साफसफाईत. टँकरचं पाणी घेत असाल तर तीन महिन्यांनी. पूर येऊन गेला असेल तर पाणी ओसरल्या ओसरल्या, कॅलेंडर न बघता. झाकण आणि जाळी महिन्याला एकदा, नुसतं वर जाऊन बघून यायचं, पाच मिनिटं लागतात.

आम्ही टाकीवर बाहेरून ऑइलपेंटने तारीख लिहितो. आता तिथे सहा तारखा झाल्यात, एकाखाली एक, शेवटच्या दोन धाकटीच्या अक्षरात, तिसरी बसायला खाली जागा ठेवलीय तिने.